सेटवरची वऱ्हाडी

फौजी माणूस म्हटलं की लोकांना लढाई ऐकायची असते. सेलूच्या स्टँडवर चहा पिताना अजूनही कोणी ना कोणी विचारतंच, "हवालदार साहेब, दुश्मन किती मारले?" मी सांगतो, एकही नाही. मी उंटाच्या मागं चाललो. मग समोरच्याचं तोंड उतरतं आणि तो घाईनं चहा संपवतो.

सत्तरचं दशक सरत आलं होतं, तेव्हा आमची तुकडी जैसलमेरच्या पुढं होती. लढाई होऊन वर्षं लोटली होती. काम एकच, उंटावरची लांबची गस्त. दहा जवान, एक कॅप्टन साहेब आणि पुढं वाट दाखवायला सवाईकाका. काका तिथल्याच एका वस्तीतले, वय साठीच्या पुढं. पहाटे निघायचं, ऊन चढलं की थांबायचं, उतरलं की पुन्हा चालायचं आणि दिवस मावळायच्या आत तंबू ठोकायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काकांच्या पुढं कोणी जायचं नाही, हा हुकूम. कोणी घाई केली की काका उंट खाली बसवायचे आणि चिलीम काढायचे. "आप लोग आगे चलो, मैं चिलम पी के आता हूँ." मग कोण जातंय पुढं! सगळे गपचूप वाळूत बसायचे.

आता ऐकतो की लोक हौसेनं तिकडं जातात. उंट, तंबू, शेकोटी, गाणी. जावं बाप्पा. आम्हाला सरकार पगार देऊन नेत होतं तरी जीव नकोसा व्हायचा. पंधरा-पंधरा दिवस परका माणूस दिसत नसे. झाड नाही, पाखरू नाही. काळ्या मातीतला माणूस मी, पायाखाली ढेकूळ लागलं नाही तर मला चालल्यासारखंच वाटत नसे. संध्याकाळी सगळे आपापल्या भाषेत गप्पा मारत. कोणी पंजाबी, कोणी गढवाली. माझी भाषा बोलणारा एकच होता, लान्स नायक वसंता ढोक. समुद्रपूर तालुक्यातला. आम्ही दोघंही वायरलेस ऑपरेटर.

वसंता भारी बोलका. गस्त दोन भागांत विभागली की एक सेट त्याच्याकडं, एक माझ्याकडं. दुपारच्या मुक्कामाला माझ्या कानात त्याचा आवाज यायचा.

"काऊन बे गणपत, जेवला का?"

"जेवलो ना."

"मले सोडून जेवला? तुयं पोट दुखंन बे."

एकदा कॅप्टन साहेबांनी ऐकलं. साहेब तरुण होते, पण कडक. "सेट पे हिंदी या इंग्लिश. तीसरी भाषा नहीं चलेगी." आम्ही "जी सर" म्हटलं. त्यानंतर वसंता सेटवर हिंदी बोलू लागला, आणि मला तो दुसराच कोणी वाटायचा.

मे महिन्यातली गोष्ट. पाणी कमी पडलं. अर्ध्या दिवसाच्या वाटेवर एक विहीर होती. सवाईकाका आणि वसंता दोन उंट घेऊन पहाटेच निघाले. जेरीकॅन, दोर, एक सेट. दुपारी मेसेज आला, "कुआँ मिल गया. पानी भर लिया. वापस आ रहे हैं. ओव्हर." सगळ्यांचे चेहरे खुलले.

तीनच्या सुमारास आंधी आली. आपल्याकडची वावटळ म्हणजे पोरखेळ. इथं पश्चिमेकडून सगळं आभाळच चालून आलं. तंबू उडाले. आम्ही उंटांच्या आडोशाला तोंडावर कापड बांधून बसलो. सेट मी पोटाशी धरला होता.

बराच वेळ नुसती खरखर. मग वसंताचा आवाज आला. एक उंट दावं तोडून पाण्यासकट पळाला होता. काका पडले, पाय मोडला. वसंतानं त्यांना दुसऱ्या उंटावर दोरानं बांधलं, उरलेलं पाणीही त्यावरच लादलं आणि दोरी धरून चालत निघाला. थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला.

"रस्सी हाथ से छूट गई, सर. काका ऊँट पे हैं. पानी ऊँट पे है. ऊँट को कैंप मालूम है. मुझे नहीं मालूम. ओव्हर."

साहेबांनी हँडसेट घेतला. "वहीं बैठ जाओ. हिलना नहीं. ओव्हर."

"जी सर."

साहेबांनी ताबडतोब माणसं पाठवायचं म्हटलं, पण हाताच्या अंतरावरचा माणूस दिसत नव्हता. पाठवलेला परत आला नसता. हळूहळू वसंताची हिंदी तुटायला लागली. मधेच मराठी, मधेच काहीतरी वेगळंच. तेव्हा साहेबांनी हँडसेट माझ्या हातात दिला.

"अपनी बोली में बात करो. उसको बिठा के रखो."

मी म्हटलं, "वसंता, मी आहे बे. हलू नको."

"हलत नाई. बसून राह्यलो तं वाळू अंगावर चढून राह्यली."

"तोंड झाक. पानी आहे का जवळ?"

"मायी छागल बी उंटावरच राह्यली." छागल म्हणजे आमची कापडी पाण्याची पिशवी. "उंट आला का तिकडं?"

"नाई अजून."

"येईल. काका म्हातारा आहे बे. त्याले पहिले पानी पाजजो."

"पाजतो. तू बोलत राह्य."

मग अगदी स्वच्छ आवाज आला, शेजारी बसून बोलल्यासारखा.

"बरं गणपत, येतो मंग."

मी ओरडलो, "ये बे, लवकर ये!" पुढं नुसती खरखर.

साहेबांनी विचारलं, "क्या बोला?"

"आ रहा है, सर."

शब्दाचा अर्थ तोच होता. मलाही तोच हवा होता. आम्ही रिकामे डबे बडवत राहिलो, फ्लेअर सोडले, घसा बसेपर्यंत हाका मारल्या. दिवस मावळता मावळता उंट आला. काका शुद्धीत नव्हते पण जिवंत होते. पाणी होतं. काकांना आधी पाजलं, मग सगळे प्यायले. मीही प्यायलो. ते पाणी गोड लागलं, याची मला अजून लाज वाटते. तहान लागलेल्याला दुसरं काय कळतं, असं मन म्हणतं, पण पटत नाही.

सकाळी आंधी बसली. वसंता सापडला. हुकूम दिला होता तसाच बसलेला होता. कंबरेपर्यंत वाळू. अंगातला शर्ट काढून त्यानं सेटला गुंडाळला होता. आमच्याकडं त्यानं एक पाऊलही टाकलं नव्हतं. तेव्हा मला त्याच्या 'येतो'चा अर्थ कळला. आपल्याकडं घरातून निघणारा माणूस कधी 'जातो' म्हणतो का?

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. गस्त तीच, चाल तीच. माझ्याशी सगळे चांगले वागत. साहेब तर रोज चौकशी करत. पण माझी बोली ऐकणारा कोणी नव्हता. मी उंटाशी वऱ्हाडी बोलायला लागलो. "चाल बाप्पा, काऊन थांबला?" तो बिचारा ऐकून घ्यायचा. पोरं हसायची. हसू देत.

रजा मिळाली तेव्हा घरी सेलूला न जाता आधी समुद्रपूरची एसटी धरली. अस्थी आधीच पोचल्या होत्या. माझ्याकडं वसंताची ट्रंक होती. गावाच्या फाट्यावर उतरलो आणि ती खांद्यावर घेऊन चालत गेलो. वसंताची आई अंगणात तूर पाखडत होती. युनिफॉर्म पाहून उठली, सूप बाजूला ठेवलं, पाणी आणून दिलं. रडली नाही. ट्रंक उघडलीही नाही.

"तू त्याच्यासंगं होता?"

"होतो मावशी. सेटवर होतो."

"शेवटी काई बोलला का?"

सगळ्या वाटेनं मला याच प्रश्नाची धास्ती होती. म्हटलं, खरं तेच सांगावं.

"एका म्हाताऱ्याले पहिले पानी पाजजो म्हणे."

"अन्?"

"येतो म्हणे, मावशी."

तिनं हळूच विचारलं, "मंग तू का म्हणलं?"

"लवकर ये म्हणलं."

"असं नाई म्हणत बाप्पा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, लेकराला समजवावं तसं बोलली. "निघालेल्या मानसाले घाई करत नाई."

ती उठली. अंगण ओलांडून रस्त्याच्या कडेपर्यंत गेली. दर रजा संपली की ती इथंच उभी राहत असणार. पदर डोक्यावर घेतला आणि फाट्याकडं पाहून नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"येजो रे वसंता."

मी तिच्या मागं उभा होतो. ताठ उभा राहून सॅल्यूट केला. मग तिच्याच ओसरीवर बसलो आणि त्या आंधीनंतर पहिल्यांदा ढसाढसा रडलो.