लाल ठिपक्यावरचं बोट

गौरव अंकासाठी लेख पाठवायला फार उशीर झाला, त्याबद्दल संपादक मंडळींनी क्षमा करावी. कागद तीन वेळा फाडला. एक तर मी सातवी पास, शाळेच्या प्रयोगशाळेतला परिचर. त्यात पनवेलच्या बाजारात कानावर आलं, की पेझारकर बाई लेकीकडे इस्रायलला कायमच्या जाणार. मग हा त्यांच्या साठीचा गौरव लिहायचा की निरोप, तेच ठरेना. बाईंना विचारायचं धैर्य झालं नाही.

रिबेका पेझारकर बाई विज्ञान शिकवायला शाळेत आल्या, त्याच दिवशी माझ्या हातून काचेची नळी फुटली. मी हात जोडून उभा. बाईंनी आधी माझी बोटं पाहिली, मग केरसुणी मागितली. आम्हा शिपायांना सगळे 'ए मामा' म्हणत. बाई पहिल्यापासून 'अहो मामा' म्हणाल्या.

पुढे शाळेत कॉम्प्युटर आला आणि ध्वनिलहरी पडद्यावर दिसू लागल्या. मला वाटलं, आता नादकाटे कपाटात जाणार आणि त्यांच्यामागून मी. बाईंनी नियमच केला: आधी काटा, मग कॉम्प्युटर. प्रत्येकाने नादकाटा रबरावर आपटून कोपराच्या हाडाला टेकवायचा, मगच पडद्यापुढे बसायचं.

"अहो मामा, पडद्यावर लाट दिसते. झिणझिण्या कोण आणणार?"

कॉम्प्युटरच्या पहिल्या तासाला मी मागे उभा होतो. पडद्यावर डावीकडे स्पीकर, उजवीकडे कान, मध्ये हवेचे ठिपके. लाटा कानाकडे धावत होत्या. मला राहवेना.

"बाई, एवढे ठिपके शिरले तर कान भरायचा नाही का?"

वर्ग खदखदून हसला. एकजण ओरडला, "मामा, कान कोरून या!"

"मग तू सांग," बाई त्याला म्हणाल्या, "ठिपके जातात कुठे?"

बाईंनी एक ठिपका लाल केला. "मामा, यावर बोट ठेवा." मी भीतभीत ठेवलं. चित्र सुरू झालं.

"गेला का?"

"नाही बाई. मागेपुढे डुलतोय, पण इथंच आहे."

"मग कानाला काय पोचलं?"

मग तोच मुलगा हळूच म्हणाला, "धक्का."

त्यानंतर दर वर्षी बाई तो तास याच प्रश्नाने सुरू करत आणि सांगत, "हा प्रश्न आमच्या मामांचा." मुलं मागे वळून पाहत. तेवढं मला आयुष्यभर पुरलं.

निवृत्तीनंतरही बाई फुकट जादा वर्ग घेतात. शनिवार त्या आपल्या ज्यू धर्माप्रमाणे विश्रांतीचा पाळतात, म्हणून वर्ग रविवारी. मीही नोकरी सुटली तरी प्रयोगशाळा उघडायला जातो.

बाई, लेकीजवळ राहावंसं वाटणं रास्तच आहे. इथे तुमच्या समाजाची माणसं आता थोडीच उरली. जिथे राहाल तिथे प्रकृती सांभाळा, गुडघ्यांना जपा, शंभरी पाहा. मी वाईट वाटून घेणार नाही. फक्त येत्या रविवारी येणार की नाही, तेवढं लवकर कळवा. प्रयोगशाळेची किल्ली शाळेतून शुक्रवारीच मागून आणावी लागते.