भिशीवर चालणारी लाल गाडी

अक्का गाडीच्या अपघातात गेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. बातमी पसरल्यावर धारवाडातून आणि हुबळीतून जेवढे फोन आले, त्यातल्या निम्म्या लोकांनी पहिला प्रश्न हाच विचारला. "बायपासला का हो? तरी आम्ही म्हणत होतो..." काही म्हणत नव्हता तुम्ही. रस्त्यात थांबवून त्या गाडीबरोबर फोटो काढून घेत होता. माझी थोरली बहीण सुमन, हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेली, एका मंगळवारी दुपारी जेवून खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसली आणि तशीच गेली. मी आतून ताक घेऊन आलो, हाक मारली, पुन्हा मारली... मग कळलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसणार. गाडी तेव्हा पोर्चमध्ये धुऊनपुसून उभी होती, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का तिच्या भिशीतल्या मैत्रिणीला, शकुंतलाबाईंना, घेऊन अळणावरला जाणार होती.

आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे लोक चेहरा पाडून येतात, पाणी पितात आणि पाच मिनिटांत गाडीचा विषय निघून सगळी बैठक हसायला लागते. माझंही तेच होतं. अक्काबद्दल लिहायला बसलो की डोळे भरून यायच्या आत अंगात उत्साह संचारतो, त्याला मी काय करू? शिवाय मध्यंतरी माझ्यापुढे एक निकडीचा प्रश्न होता. महिनाअखेरीस गाडीचा विमा संपत होता. माझी मुलगी मधुरा बेंगळूरहून रोज फोन करून सांगत होती, "अप्पा, विमा भरू नका. गिऱ्हाईक आहे तोवर विकून टाका." गाडी ठेवायची की विकायची, एवढंच मला ठरवायचं होतं, आणि ते ठरवायला अक्का नव्हती.

गाडी आली तो दिवस मला लख्ख आठवतो. माझी बायको गेल्यापासून मी आणि अक्का असे दोघेच धारवाडच्या घरात राहत होतो. अक्कानं लग्न केलं नव्हतं. अळणावरजवळची वडिलांची जमीन विकल्यावर आपला वाटा घेऊन ती पुण्याला मावसबहिणीकडे म्हणून गेली आणि चार दिवसांनी एक लाल, बसकी, दोन दारांची आणि दोनच सीटांची जर्मन गाडी चालवत दारात आली. गाडी दहा-बारा वर्षं वापरलेली होती, म्हणून नव्या साध्या मोटारीच्या किमतीत मिळाली. इंजिन बंद केलं तरी ते आत कुरकुरत राहिलं. अक्का खाली उतरली म्हणण्यापेक्षा गाडीतून वर आली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "दिनू, बघ की. स्वस्तात मिळाली." मी पाटबंधारे खात्यात जन्म घालवलेला माणूस. सरकारी जिपा घेताना किती लागतात आणि पोसताना किती लागतात हे मी पाहिलेलं आहे. मी म्हणालो, "अक्का, ही स्वस्त आहे ती पहिल्या दिवसापुरती."

माझं म्हणणं खरं व्हायला फार दिवस लागले नाहीत. गाडीचा नंबर महाराष्ट्राचा, म्हणून कर्नाटकाचा रस्ता-कर वेगळा भरावा लागला. तो भरून ती घरी आली तेव्हा विम्याचा आकडा येऊन बसला होता, माझ्या महिन्याच्या पेन्शनपेक्षा मोठा. पेट्रोल महागातलंच लागायचं. हुबळीला बसवराज नावाचा एक मेकॅनिक अशा परदेशी गाड्यांची कामं करतो. त्यानं ऑइल बदलायला मागचं झाकण उघडलं, डब्यावर डबे ओतले आणि माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "आनी साकिदंग री, सर." म्हणजे हत्ती पाळल्यासारखं आहे हे. टायरांची तर वेगळीच तऱ्हा. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून वर्षभर पुरवायचे, ही आमच्या घरची स्कूटरपासूनची युक्ती. या गाडीचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद, त्यामुळे युक्ती बाद. मागचे दोन झिजले की नवे दोन आणायचे, आणि त्या दोघांच्या पैशात मला एक चांगली जुनी स्कूटर मिळाली असती. मी हे रोज जेवताना ऐकवायचो. अक्का वरणभात कालवत म्हणायची, "वर्षाचा हिशेब वर्षाच्या शेवटी करायचा. मध्येच काय उत्तर मागतोस?"

पहिली खंडेनवमी आली आणि मग खरा दणका बसला. आमच्याकडे त्या दिवशी वाहनं धुऊन त्यांची पूजा करतात. झेंडूचे हार, हळदकुंकू, पुढच्या बाजूला केळीचे कोवळे खांब, चाकांखाली लिंबं, आणि शेवटी गाडीपुढे कोहळा फोडायचा. अक्काच्या भिशीतल्या बायका पूजेला हजर होत्या. सगळ्या निवृत्त शिक्षिका, दर महिन्याला ठरावीक पैसे घालून एकीला चिठ्ठी काढून सगळे देणाऱ्या. त्यांची पुढारी शकुंतलाबाई, अक्काच्याच शाळेत भूगोल शिकवलेल्या, आवाज अजून वर्गातलाच. त्यांनी गावच्या शेतातून असा कोहळा आणला होता की दोघांनी धरून उतरवावा लागला. साध्या गाडीला साधा कोहळा, या गाडीला हा, असं त्यांचं म्हणणं. कोहळा फोडला, कुंकू उडालं, टाळ्या झाल्या आणि अक्का लिंबं चिरडायला म्हणून गाडी पुढे घेऊ लागली. आमच्या फाटकापाशी रस्ता उतरता आहे. कोहळ्याचं अर्धं भकल तिथेच उपडं पडलं होतं. दुसऱ्या कुठल्याही मोटारीखालून ते सहज निघून गेलं असतं. ही गाडी जमिनीपासून चार बोटं वर. भकल पुढच्या बंपरच्या ओठाखाली गेलं, तिथे अडकलं, आणि अक्कानं ब्रेक दाबेपर्यंत तो सगळा भाग टर्रकन फाटून खाली लोंबायला लागला. केळीचा एक खांब हळूच आडवा झाला.

बसवराजनं किंमत सांगितली तेव्हा अक्कानं ती पुन्हा सांगायला लावली. तो भाग बाहेरून मागवायचा, रंग जुळवायचा... सगळं मिळून तिच्या आवाक्याबाहेर जात होतं. मी मनात म्हटलं, संपलं, आता विकेल. पण संध्याकाळी भिशीच्या बायका परत आल्या आणि शकुंतलाबाई उभ्यानंच म्हणाल्या, "कोहळा आम्ही आणला, सुमनबाई. या महिन्याची भिशी गाडीला." अक्का म्हणाली, "फुकट नको." बायका म्हणाल्या, फुकट कसं, कोहळा आमचा. अक्का थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसली. मग तिनं जे मांडलं ते ऐकून मी उठून आत गेलो, कारण मला हसू आवरेना. ठरलं असं की भिशीचे पैसे यापुढे गाडीच्या वर्षाच्या खर्चाला, आणि चिठ्ठी निघेल तिची गाडी महिनाभर. म्हणजे चालवणार अक्काच, पण शेजारची सीट तिची. ती म्हणेल तिथे जायचं.

ही गाडीची भिशी पुढे इतकी रंगली की बाहेरच्या बायका नाव घालायला येऊ लागल्या. अक्का त्यांना सांगायची, "सीट एकच आहे हो." चिठ्ठी निघाल्याबरोबर त्या महिन्याच्या मालकिणीच्या डोळ्यांत जी चमक यायची, ती मी दागिना हातात घेतानाही पाहिलेली नाही. एकीनं सुनेच्या माहेरी नेऊन आण म्हटलं, मुद्दाम जेवायच्या वेळेला, सगळी गल्ली दारात असताना. एकीला नवऱ्यानं आयुष्यभर घाटातला रस्ता दाखवला नव्हता, तिनं तो बघितला. शकुंतलाबाई गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या चढत नसत, पण या गाडीत शिरताना आणि निघताना त्यांनी कधी कुरकुर केली नाही. गतिरोधक आला की अक्का गाडी तिरपी घालायची आणि शेजारची बाई श्वास रोखून धरायची. जुन्या शाळेवरून लॅमिंग्टन रोडनं गाडी गेली की फाटकातली पोरं "अक्कावरु, अक्कावरु" करत ओरडायची. आमच्या भागात बाईंना अक्कावरु म्हणतात, आणि ती तर घरचीही अक्का, म्हणजे सगळ्या गावाला तिला हाक मारायला एकच शब्द पुरत होता.

मी बसत नव्हतो. माझी भिशी नाही, माझा संबंध नाही, असा माझा ताठा. एका रविवारी बसवराजनं ब्रेक नवे घातले होते आणि ते पारखायला अक्काला धारवाडजवळच्या बेलूरला जायचं होतं. तिथल्या औद्योगिक वसाहतीतले रस्ते रुंद, आणि सुट्टीच्या दिवशी रिकामे. शेजारी वजन हवं म्हणून तिनं मला घातलं. वजन, असंच म्हणाली. कारखान्यांच्या बंद फाटकांपुढून ती आधी सावकाश गेली. मग म्हणाली, "धर," आणि पाय दाबला... पाठ सीटला चिकटली, पोटातलं सगळं मागे राहिलं, इंजिन आमच्या डोक्यामागे ओरडायला लागलं आणि रस्ता अंगावर आला. मग ब्रेक. गाडी जिथल्या तिथे. धूळ पुढे निघून गेली. अक्कानं माझ्याकडे वळून पाहिलं.

"ओरडलास की रे."

"मी ओरडलो नाही."

"बरं. आणखी एकदा?"

"बघ... ब्रेक नीट पारखायला हवेत."

चार वेळा पारखले. परतताना ती म्हणाली, "तू चालव की." मी म्हटलं, मला नको. त्यानंतर ती अधूनमधून विचारायची आणि मी नको म्हणायचो, खर्चाची यादी ऐकवायचो. पण विम्याची तारीख जवळ आली की भिशी कुठवर आली हे मीच विचारायला लागलो होतो, हे तिच्या लक्षात आलं असणार.

तेराव्याला भिशीच्या सगळ्या बायका आल्या होत्या. जेवणं झाल्यावर शकुंतलाबाईंनी विषय काढला. त्यांच्या आवाजातला वर्ग त्या दिवशी गेला होता. "खर्च आम्ही चालूच ठेवू, दिनकरराव. पण आमच्यात एकीलाही गाडी येत नाही. चालवणारं कोणी बघा. नाहीतर मग..." मी मधुराला सांगितलं, तुझं गिऱ्हाईक पाठव.

बेळगावचा एक तरुण व्यापारी ठरल्या दिवशी आला. बसवराजही आला होता, कागदपत्रं समजावून द्यायला. गाडी पोर्चमधून बाहेर काढून दाखवायची होती. बसवराज किल्ली माझ्या हातात देऊन बाजूला उभा राहिला. मी म्हटलं, तू काढ. तो म्हणाला, "नीवऽ तगीरी, सर." तुम्हीच काढा. गिऱ्हाइकापुढे वाद नको म्हणून मी दार उघडलं. अक्का होती बुटकी. तिनं सीट इतकी पुढे आणि उंच लावलेली की माझे गुडघे स्टिअरिंगच्या चाकाला अडकले आणि आरशात मला माझी हनुवटी दिसायला लागली. दाराच्या आतल्या बाजूला दोन छोटी बटणं होती, एक आणि दोन असे आकडे घातलेली. सीट मागे घ्यायचं काहीतरी असेल म्हणून मी दोन दाबून धरलं. आतून घुं असा आवाज आला. सीट हळूहळू मागे सरकली, खाली बसली, पाठ थोडी कलली. बाहेरचे दोन्ही आरसे आपापले हलले. सगळं थांबलं तेव्हा माझे पाय पेडलवर, हात चाकावर आणि आरशात मागचा रस्ता फाटकापर्यंत. शिंप्यानं माप घेऊन बेतावी तशी ती सीट माझी होती.

मी बसवराजकडे पाहिलं. तो खाली वाकून म्हणाला, "एरडनेदु निम्दु री, सर. अक्कावरु इट्टारी." दोन नंबर तुमचा, अक्कांनी लावून ठेवलाय. या गाडीत एकेका बटणात एकेकाचं सीटचं माप साठवून ठेवता येतं, एक नंबर तिचा. गेल्या सर्व्हिसिंगला तिनं त्यालाच ड्रायव्हरच्या जागी बसवलं होतं. तू आणि दिनू एका उंचीचे, बस, तुझ्या मापानं बसवूया म्हणाली. आरसेसुद्धा स्वतः बाहेर उभं राहून नीट करून घेतले. त्यानं विचारलं होतं, सर कुठे चालवतात? तर म्हणाली, विचारलं की नको म्हणतो, म्हणून विचारणं सोडलंय.

माझ्यानं बराच वेळ उतरवेना. मग मी बेळगावच्या पाहुण्याला चहा पाजला, हात जोडले आणि त्याचे आल्या-गेल्याचे पैसे देऊ केले. त्यानं घेतले नाहीत, भला माणूस. मधुराला कळवलं. ती फोनवर चिडली, मग तिनं विचारलं, "अप्पा, तुम्ही चालवणार?" विमा भरला. पुढच्या रविवारी शकुंतलाबाईंची राहिलेली फेरी होती. अळणावरच्या रस्त्याला दोन्हीकडे सागवान लागला तसा मी पाय जरा दाबला आणि त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की मला अक्काचीच चाहूल लागली... त्या हसता हसता रडायला लागल्या आणि मी गाडी कडेला घेतली. थोड्या वेळानं डोळे पुसून म्हणाल्या, "चला की, थांबलात कशाला?"

आता ही गाडी मी चालवतो. मागचे टायर यंदा बदलावे लागतील, भिशीला आधीच सांगून ठेवलंय. घरी आलो की पोर्चमध्ये घेतो, पण इंजिन बंद करण्याआधी एक नंबरचं बटण दाबून धरतो. घुं करत सीट पुढे सरकते, उंच होते, आरसे खाली वाकतात. माझे गुडघे चाकात अडकतात आणि बाहेर पडताना रोज कुठेतरी लागतं. लागू दे. गाडी रात्रभर तिच्याच मापात उभी असते.