भाऊंनी लावलेला प्रवाह

घरी कुणी आलं, की अक्का प्यायला पाणी देण्याआधी विचारायच्या, "पाणी कसं वाटतंय?" नवखा माणूस गोंधळायचा. मग त्या भिंतीलगतच्या काचेच्या मोठ्या टाकीकडे बोट दाखवायच्या. आत खारं पाणी, खडक आणि खडकांवर वाढलेली जिवंत प्रवाळं. जळगावच्या उन्हात अक्का हे सगळं सांभाळत होत्या. स्वतः त्यांनी समुद्र एकदाच पाहिला होता, लग्नानंतर, तोही ओहोटीला.

जळगावातच, पिंप्राळ्यात, त्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहायला आले, तेव्हा त्यांचे यजमान जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांना सगळे भाऊ म्हणत. भुसावळला रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही टाकी हौसेने उभी केली होती. ते गेल्यावर मुलगी म्हणाली, "आई, देऊन टाक कुणाला तरी." अक्कांनी ऐकलं नाही. पाण्याचा खारेपणा मोजणं, काच पुसणं, उन्हाळ्यात पाणी थंड राखणं, सगळं शिकून घेतलं. फक्त पाण्याला प्रवाह देणाऱ्या पंपाला त्या हात लावत नसत. त्याचं बटण भाऊंनी ठेवलं होतं तिथेच होतं.

"त्यांनी बघून बघून लावलंय," त्या म्हणायच्या. "राहू दे."

बँकेतून आले की मी खाली जाऊन बसायची. त्या गावात माझंही कुणी नव्हतं. अक्का मोजकंच बोलत, तेही बहुतेक टाकीतल्या मोठ्या प्रवाळाबद्दल. हिरव्या लांब बोटांचा तो झुपका भाऊंचा फार लाडका.

पावसाळा संपता संपता त्या प्रवाळाची एका बाजूची बोटं उघडेनाशी झाली. मांस मागे सरलं आणि खालचा पांढरा सांगाडा दिसू लागला. वर्षभरात ते इतकं वाढलं होतं, की पंपाची धार आता थेट त्याच्यावर आदळत होती.

मी म्हटलं, "अक्का, पंप थोडा कमी करून बघू या का?"

"तू भाऊंना पाहिलंस तरी का?" त्या एकदम तुटकपणे म्हणाल्या. मी उठून वर गेले.

नंतर कितीतरी दिवस मी खाली उतरले नाही. मग एका सकाळी त्यांनीच जिन्यातून हाक मारली, "जरा ये गं. एकटीनं होत नाहीये."

बटणावर बोटं ठेवून त्या उभ्या होत्या. "हे बदललं, की त्यांच्या हातचं घरात काय राहिलं?" मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी बटण फिरवलं.

पहिल्यांदा प्रवाह फारच मंद झाला. खडकामागे गाळ साचला, बोटं मरगळून लोंबू लागली. मग अक्कांनी जोर थोडा वाढवला आणि पंपाचं तोंड समोरच्या काचेकडे वळवलं, म्हणजे धार काचेवर फुटून मऊ होऊन परत येईल. प्रत्येक बदलानंतर त्या काही दिवस वाट पाहत. "बोटं डुलली पाहिजेत, आडवी पडता कामा नयेत," एवढंच त्यांचं माप.

एके दिवशी झुपका सगळ्या बाजूंनी उघडला. अक्का मूळच्या धुळ्याकडच्या. मन भरून आलं की गावाकडची बोली तोंडात यायची. काचेला कपाळ टेकवून त्या प्रवाळाला म्हणाल्या, "आते बरं शे ना तुले?" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "ते असते तर त्यांनीही बदललंच असतं." आणि मी पहिल्यांदाच त्यांना रडताना पाहिलं.

पुढे माझी धुळ्याला बदली झाली. अक्कांचे गुडघे गेले. मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली आणि टाकी भुसावळच्या एका हौशी कुटुंबाने नेली. पंप किती ठेवायचा, असं त्यांनी विचारलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, "माझं नका विचारू. तुमच्या घरी ते कसं उघडतं, ते बघा."

आता त्या रविवारी दुपारी फोन करतात. मुलगी, जावई, नात आपापल्या खोल्यांत असतात. परवा म्हणाल्या, "इथं सगळे चांगले आहेत गं. पण बघत बसावं असं काही नाही." मीही खोलीत एकटीच होते. फोन ठेवायची घाई त्यांना नव्हती आणि मलाही नव्हती. आम्ही तशाच, काही न बोलता, फोन कानाला लावून बसून राहिलो.