मिलिंदच्या दारावरचा पहारा

माझा मित्र मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा शुक्रवारची सकाळ होती. घरात आम्ही तिघं: मी, बायको आणि अकरा वर्षांची सई. ती त्याच्याकडेच निघाली होती. बूट अर्धवट घालून धावत आली, "काकांचा फोन?" माझ्या फोनसाठी ती अशी कधी धावली नाही, हे त्याही क्षणी मनात आलं...

मिलिंद कतारच्या हमद पोर्टवर इंजिनियर. डच सहकाऱ्यांच्या ओळखीने त्याने हॉलंडची जुनी छापील चित्रं जमवली होती. सगळ्यांत तेच: भाले-बंदुका घेतलेली, रुंद पट्टे बांधलेली माणसं. "सैनिक नाहीत हे," तो सांगायचा. "कापडवाले, दारू गाळणारे. आपल्या गावाचा पहारा आपणच करायचा. चुकवला की दंड."

"आपण इतकी वर्षं दोह्यात. आपलं गाव कुठलं मग?" मी विचारलं.

"ज्याचा पहारा कराल ते, हिशेबनीस." मी अकाउंटंट, म्हणून हे नाव.

मग त्याने स्वतःच्या घरात नियमच काढला. जो इंग्रजीत बोलेल त्याने लाटणं खांद्यावर घेऊन दाराबाहेर पाच मिनिटं पहारा करायचा. मला प्रत्येक उत्तर इंग्रजीत देणारी सई तिथे मुद्दाम चुकायची, पहारा करायची आणि मग तासभर मराठीत बडबडायची. मीही एकदा घरी लाटणं काढलं. "बाबा, प्लीज. दॅट्स काकांचं," ती म्हणाली. लाटणं मी परत ओट्यावर ठेवलं.

मिलिंद गेल्यावर महिन्याभराने त्याची बायको, वहिनी, कायमच्या पुण्याला निघाल्या. निरोपाला जाताना गाडीत मी सईकडून एक वाक्य घोटून घेतलं. तिने ते दारातच म्हटलं, "वुई आर सो सॉरी फॉर युअर लॉस, काकू."

 वहिनी म्हणाल्या, "दंड!"

"माझं नाही, बाबांचं वाक्य आहे!"

"मग भाऊजी, तुम्ही. लाटणं सामानात गेलंय, हा झाडू घ्या."

झाडू खांद्यावर घेऊन मी बाहेर उभा राहिलो, दार लागलं. मिलिंदच्या एका चित्रातल्या ढोलवाल्याला काकांनी काय नाव ठेवलं होतं ते सई आत सांगत होती, अडखळत, पण मराठीत. दोघी हसल्या, मग रडल्या... एवढी वाक्यं वर्षभरात माझ्या वाट्याला आली नव्हती. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी करत होतो. लिफ्टमधून उतरलेला शेजारी झाडूकडे बघत निघून गेला.

पाच मिनिटांच्या दंडाची पंधरा मिनिटं झाली. मी दार वाजवलं नाही.