हरणटोळ आणि दुधाची वाटी

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. आजूबाजूची संस्थानं विलीन होत होती आणि मी बुऱ्हाणपूरला फौजदार होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच खबर आली, की इतवारा मोहल्ल्यात एका किराणा दुकानदाराची बायको मरून पडली आहे आणि शेजारच्या गुरुजींच्या दारात लोक काठ्या घेऊन जमले आहेत.

गुरुजी एका विलीन झालेल्या संस्थानाच्या शाळेतून इथल्या शाळेत आलेले. एकटेच राहत. ओसरीवर जाळीच्या खोक्यात त्यांनी हरणटोळ पाळला होता. हा पोपटी, दोरीसारखा बारीक साप झाडावरच राहतो. बाहेरचा माणूस, त्यात साप पाळणारा, म्हणजे लोकांच्या लेखी गुन्हेगार ठरलेलाच.

मृत बाईच्या टाळूवर दोन बारीक टोचे होते. हरणटोळ टाळू फोडतो, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. नवऱ्यानं छाती बडवत जबाब दिला, "साहेब, पहाटे मी खुद देखलं. खाटेपाशी वाटीत तोंड घालून दूध पीत होता. तेच जूठं दूध ती प्यायली, वरून त्यानं टाळूवर डंख मारला!"

चार शेजाऱ्यांनीही शपथेवर सांगितलं, "हां साहेब, आम्हीबी देखलं."

जमाव गुरुजींना जिवंत सोडणार नव्हता, म्हणून मी त्यांना कोठडीत घेतलं. खोकं मुद्देमालात जमा केलं. गुरुजी म्हणाले, "तो बाहेर पडलाच नव्हता. मला फाशी द्यायची तर द्या, पण त्याच्या पानांवर पाणी शिंपडा. वाटीतलं तो पीत नाही. खायला सरडा द्या. आणि जाळीला आतून कापड लावा, नाक घासून घेतो."

डॉक्टरांनी सांगितलं, की विष पोटात आहे आणि टोचे मेल्यानंतरचे आहेत. नवरा मात्र एकच घोकत होता, "सापाचंच जहर दुधात पडलं."

मग मी त्याला आणि चारही साक्षीदारांना मुद्देमालाच्या खोलीत बसवलं. खोक्यात दुधाची वाटी ठेवली. दुपार झाली, पण साप फांदीवरून हलला नाही. नंतर गुरुजींना आणलं. त्यांनी पानांवर पाणी शिंपडलं, तेव्हा तो पुढे झुकून एकेक थेंब टिपू लागला. तहानलेला होता बिचारा.

मी नवऱ्याला विचारलं, "तू तर वाटीत तोंड घातलेलं पाहिलंस ना?"

"साहेब, साप दूध पितो, सब लोग बोलतात..."

"लोकांचं सोड. तू काय पाहिलंस?"

त्यानं शेजाऱ्यांकडे पाहिलं. शेजारी खाली बघत म्हणाले, "आम्ही काय देखलं नाही साहेब. यानं सांगितलं, म्हणून आम्ही बोललो."

एका निरपराध माणसाचा गळा दोरात अडकला होता आणि यांनी शपथ घेऊन गाठ आवळली होती! मी इतका ओरडलो, की बाहेरचा पहारेकरी धावत आत आला.

नवऱ्याला दुसरं लग्न करायचं होतं. धोतऱ्याचं बी वाटलेला खल त्यानंच दुकानाच्या मागून काढून दिला. दाभणानं टोचे पाडल्याचंही कबूल केलं. तो शिक्षेला गेला. गुरुजी सुटले आणि खोकं घेऊन घरी गेले.

प्रकरण इथं संपलं असतं, तर मी विसरलोही असतो. पण पुढे नागपंचमीला गुरुजी शाळेत गेले असताना तेच चार शेजारी पश्चात्तापानं हळदकुंकू घेऊन ओसरीवर आले. सापाची क्षमा मागितली आणि त्याचं तोंड उघडून चमच्यानं दूध पाजलं. गुरुजी परतले तेव्हा तो खोक्याच्या तळाशी पडला होता. एरवी तो तळाला कधीच उतरत नसे.

मी तिथे गेलो. "आपल्या आँखांनी देखलं होतं ना रे, तो दूध पीत नाही ते?" मी विचारलं.

"देखलं साहेब," त्यांतला वयस्कर माणूस हात जोडून म्हणाला, "पण नागपंचमी होती ना."

खोटी साक्ष देणाऱ्याला कोर्टात उभं करता येतं, हे मला नोकरीनं शिकवलं. डोळ्यांनी पाहूनही न पाहणाऱ्याचं काय करायचं, ते मला आजवर कळलेलं नाही. गुरुजींनी रिकामं खोकं उचललं आणि त्याच आठवड्यात गाव सोडलं.