सासूबाईंना मी निजवून ठेवलं

डॉक्टरांनी टेपने सासूबाईंची मांडी मोजली, मग पोटरी. "डिसयूज ॲट्रॉफी," ते म्हणाले. म्हणजे वापर नसल्यामुळे स्नायू झिजणं. पक्षाघात नव्हता, हाडंही ठीक होती. मला हायसं वाटतंय तोच त्यांनी विचारलं, "घरी चालवत होता ना?"

"नाही," मी म्हणाले.

महिन्यापूर्वी न्यूमोनियातून बऱ्या होऊन त्या तंजावुरातल्या घरी आल्या, तेव्हा कागदावर लिहिलं होतं: दिवसातून तीनदा चालवा. मी एकदाही चालवलं नाही. जेवण खाटेवर, वेणीफणी खाटेवर, बेडपॅनसुद्धा. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या आमच्या मराठी बायका भेटायला येत आणि म्हणत, सून असावी तर अशी. मला ते फार गोड लागे.

सासूबाई म्हणत, "मला थोडं उभी राहू दे गे." मी म्हणे, "आत्याबाई, पडलात तर?"

डॉक्टर रागावले नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली. अंतराळात पायांवर भार येत नाही, म्हणून अंतराळवीरांचे स्नायू झिजतात, असं त्यांनी समजावलं. ते अभ्यासायला संशोधक धडधाकट माणसांना आठवडेच्या आठवडे बिछान्यात ठेवतात. "त्या माणसांनी निदान संमती दिलेली असते," ते म्हणाले.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी व्यायाम शिकवले: खुर्चीतून उठणं-बसणं, स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचलणं. ओट्याचं नाव निघताच माझं तोंड उतरलं.

तुमच्याही घरी कोणी खाटेवर असेल, म्हणून खरं ते सांगते. त्या पडतील ही भीती निम्मीच होती. बावीस वर्षं त्या स्वयंपाकघरात त्यांना विचारल्याशिवाय मी फोडणी टाकली नव्हती. त्या महिन्यात चिंच किती घालायची हे पहिल्यांदा मी ठरवत होते. ते सुख मला सोडवेना. त्यापायी मी एका चालत्या बाईचे पाय घालवले.

तिसऱ्या आठवड्यात त्या वॉकर घेऊन ओट्यापाशी पोचल्या. त्या टाचा उचलत होत्या, मी मोजत होते. सातव्याला थांबून त्यांनी तळहातावर थोडं सांबार मागितलं. "चिंच जास्त झाली," म्हणाल्या.

मला राहवलं नाही. तिथेच सगळं सांगून टाकलं.

त्यांनी तळहात पुसून पुन्हा ओटा धरला. मग म्हणाल्या, "माझ्या सासूलाही मी असंच निजवलं होतं गे. त्या पुन्हा उठल्या नाहीत."

त्यांनी टाचा उचलल्या. माझा आकडा चुकला होता, म्हणून मी पुन्हा एकपासून मोजायला लागले.