खंडेनवमीला बसवलेली सिस्टिम

जुन्या संगणकाची हार्डडिस्क चालू झाली की सुपात ज्वारी पाखडल्यासारखा आवाज येई. नौबादच्या आमच्या घरात तो आवाज म्हणजे अप्पा कामाला बसल्याची खूण. अप्पा, माझे वडील, शाळामास्तर. पण त्यांच्या वडिलांपर्यंत सगळे दुबलगुंडीच्या माळावर मेंढरं राखणारे. निवृत्तीनंतर तीन वर्षं अप्पा एका बोटाने एकच फाइल टंकत होते: मेंढीला रंगावरून, कानावरून, शेपटीवरून हाक मारायचे शब्द. मी ती फाइल कधी उघडली नव्हती. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला मेंढी हा एकच शब्द पुरत असे. ज्यांच्या शेजारी वाढतो, त्यांच्याकडेच आपण किती उशिरा पाहतो!

गुलबर्ग्याच्या कॉलेजातून सुट्टीला आले, तेव्हा संगणकात मी जादा रॅम बसवली आणि जुन्या सिस्टिमशेजारी दुसरी, फुकट मिळणारी सिस्टिम घालायचं ठरवलं. एका घरात भिंत घालून दोन बिऱ्हाडं करावीत, तसंच हे काम. अप्पांचं बिऱ्हाड जागच्या जागी राहणार होतं.

दिवस खंडेनवमीचा. सकाळी लवकर सुरू केलं तर पूजेआधी उरकेल, असं वाटलं. पडद्यावर प्रश्न आला: फायलींची नक्कल घेतली आहे का? पेनड्राइव्ह हॉस्टेलवर राहिला होता. मी 'होय' दाबलं आणि अंघोळीला गेले.

आई विळ्याला, शिलाई मशीनला, अप्पांच्या स्कूटरला कुंकू लावत फिरत होती. त्या दिवशी हत्याराला विसावा द्यायचा, ही आमच्याकडची रीत. संगणक घरघरतोय हे पाहून तिने भिंतीवरचं बटण बंद केलं आणि त्यालाही कुंकू लावून वर झेंडूचं फूल ठेवलं.

"पूजंच्या दिवशी बी जुंपायलीस व्हय त्याला?" मी ओल्या केसांनी बाहेर आले तेव्हा ती म्हणाली.

दोन बिऱ्हाडांमधली भिंत अर्धवट राहिली होती. दसऱ्यानंतर गावातल्या दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले. नवी सिस्टिम बसली. जुनी गेली, आणि तिच्यासोबत अप्पांची फाइल.

"माझ्याच हातानं झालं बघा," आई म्हणाली.

"तुझ्या कुंकवानं मशीन मरती व्हय? मग आपली स्कूटर कवाच मेली असती," अप्पा म्हणाले.

आई हसली नाही. चार दिवस ती त्या खोलीत आली नाही. चहाही दारातूनच द्यायची. मी गप्प राहिले. अबोल स्वभावाचा असाही उपयोग होतो: आपला दोष दुसऱ्याच्या अंगावर पडून राहतो, आणि आपल्या मौनाचं कोणाला नवल वाटत नाही.

पाचव्या दिवशी, आई चहा घेऊन दारात आली तेव्हा, मी बोलले. "अप्पा, नक्कल मी घेतलीच न्हवती. घेतली म्हणून खोटंच दाबलं. आईचं काय चुकलं न्हाई."

"कामून?" अप्पांनी विचारलं.

पेनड्राइव्ह हॉस्टेलवर राहिल्याचं मी सांगितलं. अप्पांनी आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बस. मी सांगतो, तू लिव."

बांडी, अंगावर पांढरे ठिपके असलेली. भोरी, तपकिरी. लांडी, आखूड शेपटीची. पुढे ते अडखळले. लिहून ठेवलेलं जपायची जबाबदारी मन इतक्या सहज सोडून देतं का?

"बुची," दारातून आई म्हणाली. "बारक्या कानाची. माहेरी आमच्या अण्णाकडं एक होती, लई मारकी."

अप्पांनी चष्मा काढला. "ही तर मी बी लिवली नव्हती."

आई आत आली, पलंगाच्या कडेवर माझ्याजवळ टेकली. मी बुची लिहिलं आणि पुढच्या शब्दासाठी तिच्याकडे पाहिलं.